धूमकेतूच्या आठ ताटल्या

शैलेंद्र टेंभेकरकडे हॅल्सी कॉमेट सोडून हॅल्सी कॉमेटचं सगळं होतं!

म्हणजे गाडी नव्हती. ती दोन दारांची, लांब नाकाची, साठ वर्षांपूर्वीची इंग्लिश स्पोर्ट्स कार घ्यायची तर अमेरिकेतल्या शॉमबर्गचं घर विकून तिच्यातच संसार करावा लागला असता, आणि तिला मागची सीट नव्हती. पण तिची ब्रोशर्स होती. शोरूममधला पत्र्याचा बोर्ड होता. डीलर गिऱ्हाइकांना वाटायचे त्या किल्ल्यांच्या कीचेन होत्या. रेसिंग ड्रायव्हरांच्या बायकांसाठी कंपनीने छापलेले सिल्कचे स्कार्फ होते, सातच्या सात. नागपुरात शाळेत असताना त्याने एका जुन्या मासिकातलं कॉमेटचं चित्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. चित्र तिथेच राहिलं, वेड मात्र अमेरिकेत बरोबर आलं.

"गाडी काय, पैसे टाकले की कुणीही घेतं!" तो जमलेल्या मित्रांना ऐकवायचा. "कलेक्शन करायला डोळा असावा लागतो, डोळा!"

डोळा होता, पण खिशावरही ताण होता. आणि पहिलं ब्रोशर घरी आलं तेव्हा उल्काने, म्हणजे बायकोने, सहज विचारलं होतं, "केवढ्याला रे?" शैलेंद्र तेवढ्याच सहज बोलून गेला, "अगं, जाहिरातीचं सामान. फुकट मिळतं." बस! त्यानंतर घरात आलेली प्रत्येक वस्तू फुकट आली. एवढ्या फुकट वस्तूंसाठी गडी रोज ऑफिसात घरून डबा नेत होता.

या जानेवारीत त्याचं नशीब उघडलं. कॉमेट क्लबचा नियम होता, गाडी नाही तर मेंबरशिप नाही. इतकी वर्षं शैलेंद्र तिथे पाहुणा म्हणून जायचा, मागे उभा राहायचा आणि लोकांच्या गाड्यांना फडकं मारायचा. शेवटी क्लबचा म्हातारा प्रेसिडेंट वॉल्टर यालाच त्याची दया आली. त्याने नवा नियम केला. गाडी नसेल तर कॉमेटच्या कुठल्याही वस्तूचा एक पूर्ण संच हवा. तो रविवारच्या मेळाव्यात काचेच्या कपाटात मांडायचा आणि मेंबर व्हायचं!

शैलेंद्रकडे आठ पितळी ॲशट्रे होत्या. निळं मीनाकाम, मधोमध शेपटीचा सोनेरी तारा. आठवी ओहायोतल्या एका आजीकडून नुकतीच मिळवली होती. स्कार्फचाही संच पूर्ण होता म्हणा, पण स्कार्फ काय, बायकी वस्तू! काचेच्या कपाटात झळकायच्या त्या ॲशट्रेच!

शनिवारी सकाळी पुसून ठेवाव्यात म्हणून त्याने कपाटातून खोका काढला. खोक्यात हळकुंडं होती. आणि थोडा तिळगूळ.

"उल्का!"

"ओरडू नकोस. काय झालं?"

"यातल्या... यातल्या वस्तू कुठायत?"

"त्या उदबत्तीच्या ताटल्या? गेल्या शनिवारी हळदीकुंकू नव्हतं का? वाण म्हणून लुटल्या की!"

शैलेंद्रने हळकुंडांखाली हात घालून खोका पुन्हा चाचपला.

"उदबत्तीच्या?"

"मग कडेला त्या खाचा कशाला असतात? अहिल्याकाकूंनी बघताक्षणी ओळखलं. सगळ्यांना एवढ्या आवडल्या! एक मी आपल्या देवापुढे ठेवलीय."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं! मागवलेलं वाण कुरिअरमध्ये अडकलं, म्हणून तुला फोन केला. म्हटलं, ते फुकटचं सामान घेऊ का? तू म्हणालास, हो हो, घे घे."

त्याला आठवलं. तेव्हा तो वॉल्टरच्या गॅरेजमध्ये बॉनेटला कान लावून इंजिन ऐकत होता. बायको कानात बोलत असताना दुसऱ्या कानाने इंजिन ऐकणाऱ्याचं दुसरं काय होणार!

"परत माग," तो कसाबसा म्हणाला.

"वाण परत मागू? सवाष्णीला दिलेलं? मेले तरी नाही! आणि फुकटच्या ताटल्यांसाठी एवढा जीव का टाकतोयस?"

शैलेंद्रने हळकुंडांचा खोका बंद केला. त्याला खरोखर रडू येत होतं. उद्या ते कपाट रिकामं असणार, आणि तो पुन्हा फडकं घेऊन मागे उभा!

पण आयटीतला माणूस, हार कशी मानेल? अर्ध्या तासात त्याने प्लॅन काढला. मागायचंच नाही. त्यांनीच आणून दिल्या पाहिजेत! त्याने थेट अहिल्याकाकूंना फोन लावला. काकू पुण्याहून मुलाकडे आलेल्या, दोन गल्ल्या सोडून राहायच्या, आणि कॉलनीतल्या सगळ्या मराठी बायका त्यांच्या शब्दाबाहेर नव्हत्या.

"काकू, त्या वाणाच्या ताटलीवर काय काढलंय, पाहिलंत का?"

"तारा आहे ना रे?"

"शेपटीचा तारा. धूमकेतू! मला आपलं वाटलं, धूमकेतू अशुभ मानतात ना? उल्काला बिचारीला कळलंच नाही."

पलीकडे काकूंनी श्वास आत ओढला. "अगंबाई! बरं झालं सांगितलंस. मी बघते."

दुपारी उल्का व्हॉट्सॲप बघत बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता. "काकूंनी सगळ्यांच्या ताटल्या गोळा केल्या. आपलीही घेऊन गेल्या. मला मेलं काही कळतच नाही!"

शैलेंद्रने तिची समजूत घातली, कोपऱ्यावर जाऊन एक उडी मारली आणि गाडी काढली. सगळ्या एका पिशवीत! त्याच्या बुद्धीचं त्यालाच कौतुक वाटलं. तो काकूंच्या दारात पोचला तेव्हा काकू बूट काढत होत्या. साडीवर मुलाचं जाडजूड जॅकेट होतं.

"द्या काकू पिशवी, मी बघतो त्याचं काय करायचं ते."

"काही करायचं नाही बाळा. अशुभ वस्तू दिलेल्या घरी परत पाठवू नये, तुमच्यावरच संकट यायचं. आम्ही तळ्यात सोडून आलो."

"तळ्यात?"

"वाहतं पाणी कुठे आहे इथे? आणि तळंही मेलं थिजलेलं. म्हटलं, असू दे. उन्हाळ्यात जाईल आपोआप खाली!"

शैलेंद्र पळत सुटला. घरांमागच्या तळ्यावर पांढरंशुभ्र बर्फ, आणि तळ्याच्या पार मधोमध आठ निळ्या ताटल्या ऊन खात बसलेल्या! बायकांनी काठावरून एकेक सरकवली होती आणि प्रत्येक बर्फावरून घसरत घसरत मध्यापर्यंत गेली होती. एकीवर झेंडूचं फूलही तसंच होतं.

काठावर पाटी होती, बर्फ पातळ आहे, पाऊल टाकू नये. शैलेंद्रने पाटी वाचली, ताटल्यांकडे पाहिलं आणि पाऊल टाकलं. मग पोटावर आडवा झाला. म्हटलं, वजन पसरेल! अर्ध्या वाटेपर्यंत पसरलंही. मग एक चर्रर्र असा आवाज आला आणि टेंभेकर कमरेपर्यंत आत गेले.

कुणीतरी फोन केला. भोंगा वाजवत लाल बंब आला. लाल सूट घातलेले दोघे सरपटत आले आणि त्यांनी त्याला कॉलरला धरून बाहेर ओढलं.

"सर, तिकडे अजून कोणी आहे का?"

"ॲशट्रे," शैलेंद्र दात वाजवत म्हणाला. "प्लीज. एट ॲशट्रेज."

फायरमन त्याला काठाकडे ओढत राहिला. "वी रेस्क्यू पीपल, सर." तेवढ्यात शैलेंद्रने फोडलेलं बर्फ भेगाळत मध्यापर्यंत गेलं आणि एकेक ताटली शांतपणे खाली गेली. त्याच्या डोळ्यांदेखत! आठवी, ओहायोच्या आजीची, झेंडूसकट गेली.

"बघितलंत!" काठावर जमलेल्या बायकांत अहिल्याकाकूंचा आवाज उठला. "अशुभ होतंच ते! पाण्यात सोडलं तरी माणसाला ओढतंय!"

संध्याकाळी शैलेंद्र ब्लँकेट गुंडाळून, गरम पाण्याच्या टबात पाय सोडून हॉलमध्ये बसला होता. वाण घेतलेल्या सातही जणी मसालेभात आणि कढी घेऊन विचारपूस करायला आल्या होत्या. त्याला काही ऐकू येत नव्हतं. सगळं संपलं होतं. आणि मग अचानक त्याला आठवलं. वॉल्टर म्हणाला होता, कुठल्याही वस्तूचा संच. स्कार्फ! सात स्कार्फ! संच पूर्ण आहे! ब्लँकेटच्या आत त्याच्या अंगात ऊब आली. असू देत बायकी. उद्या कपाट भरणार, मेंबरशिप मिळणार!

इतक्यात आतून उल्का आली. तिच्या हातात स्कार्फचा खोका होता.

"आधीचं वाण असं निघालं," ती डोळे पुसत म्हणाली. "आता यांना रिकाम्या हाताने कशी पाठवू? बघ ना, बरोबर सात आहेत! मागच्या वेळी तू नीट ऐकलं नव्हतंस, म्हणून आज सगळ्यांसमोर विचारते. हे घेऊ ना? हेही फुकटचेच ना?"

सातही जणी त्याच्याकडे बघत होत्या. नाही म्हणायचं, तर केवढ्याला आणले ते सांगावं लागणार होतं. मग ॲशट्रेंचं. मग पत्र्याच्या बोर्डाचं. मग पहिल्या ब्रोशरपर्यंतचं सगळंच!

"हो," शैलेंद्र म्हणाला. "फुकटच आहेत."

काकूंनी खोक्यातला पहिला स्कार्फ उचलला, उलटसुलट करून धूमकेतू नाही ना ते पाहिलं आणि कानांवरून बांधून हनुवटीखाली गाठ मारली.

"छान उबदार आहे हो! फुकटचेच आहेत तर माझ्या सुनेसाठीही एक काढ ना रे."

शैलेंद्रने टबातले पाय हलवले. पाणी गार झालं होतं.

"स्कार्फ संपले काकू," तो म्हणाला. "कीचेन चालेल का?"