खानविलकरांच्या स्कूटरचा बाण

बंद पडलेलं घड्याळ भिंतीवर दिसलं, की खानविलकर त्या दुकानात शिरायचे आणि दमडीचीही खरेदी न करता भांडून बाहेर यायचे. वाणी असो, न्हावी असो, डॉक्टर असो. "घड्याळ बंद आहे ना? मग उतरवा! नाहीतर चालू करा! भिंतीवर टांगून गिऱ्हाइकाशी खोटं का बोलताय? माणसाला कळायला नको, किती वाजले ते?" गोडदेवच्या आमच्या गल्लीतल्या न्हाव्याने तर शेवटी कंटाळून घड्याळावर टॉवेल घातला होता.

"माणसाला कळायला नको?" हे त्यांचं पालुपद. जिन्यातल्या दिव्यांच्या बटणांवर मजले लिहिलेले नाहीत. माणसाला कळायला नको? पाण्याचा टँकर आज येणार की उद्या? माणसाला कळायला नको? आणि हे सगळं विचारायचं कुणाला, तर मला. कारण मी, राणे, सोसायटीचा सेक्रेटरी. हे पद मी मागितलं नव्हतं. सभेला पोचायला मला जरा उशीर झाला आणि तेवढ्यात माझी एकमताने निवड झाली होती.

खानविलकर विजेचे मीटर बनवणाऱ्या एका कारखान्यात काटे तपासायचे. उभं आयुष्य त्यांनी ते एकच काम केलं. "काटा खोटं बोलला की परत पाठवायचा. दयामाया नाही," असं अभिमानाने सांगायचे. पन्नाशी उलटली आणि एक दिवस नोकरी सोडून घरी बसले. साहेबाशी भांडले असणार, असं आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. विचारायला कोण जाणार?

आता त्यांची स्कूटर. ती कोणे एके काळी पोपटी होती म्हणतात. जुन्या स्कूटरला डाव्या मुठीत गिअर असतात, हे ज्यांनी चालवली त्यांना ठाऊक आहे. मुठीच्या गळ्यापाशी एक, शून्य, दोन, तीन, चार असे आकडे कोरलेले असतात. क्लच दाबून मूठ फिरवायची, म्हणजे एकेक आकडा हॅण्डलवरच्या छोट्या बाणासमोर येतो. बाण दोनसमोर, तर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. इतकं साधं. आणि त्या बाणाकडे जगात कोणीही बघत नाही, हेही तितकंच साधं.

आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर रिव्हर्स घेताना त्या स्कूटरला धक्का लागला. गाडी आडवी झाली. आरसा शाबूत, दिवा शाबूत, फक्त तो नखाएवढा बाण तुटला. खानविलकर खाली आले, वाकून हॅण्डलला नाक लावलं, आणि ताठ होऊन माझ्याकडे वळले.

"टँकर कुणाचा?"

"सोसायटीने मागवलेला."

"सोसायटीचा सेक्रेटरी कोण?"

"मी."

"म्हणजे बाण तुम्ही मोडलात. पाडव्याच्या आत मला तो जसाच्या तसा पाहिजे."

मला आजही तो संवाद आठवला की कानशिलं तापतात. धक्का मारला टँकरने, पाणी प्यायली सगळी बिल्डिंग, आणि बाण मोडला राण्यांनी! पाडव्याच्याच आत का, तर त्यालाही उत्तर नाही. "पाडव्याला गाडी विकताय की काय?" असं मी महिनाभर विचारत राहिलो, तर ते नुसते डोळे वटारून बघायचे.

पहिल्या रविवारी मला सलीम मेकॅनिककडे फरफटत नेलं. सलीमने हॅण्डल बघितलं आणि हसून म्हणाला, "साब, ये कौन देखता है? हाथ को मालूम पडता है."

झालं! खानविलकरांचा पारा चढला. "तुम्हारे हाथ को मालूम पडता है! जिसके हाथ को मालूम नहीं पडता, वो क्या करेगा? आं? वो क्या रस्ते में गाडी खडी करके रोएगा?"

"आपको तो मालूम पडता है ना, साब?"

"मेरा सवाल नहीं है! सवाल उसूल का है!"

मी मान खाली घालून बाकड्यावर बसलो. स्वतःला कळतं, तरी दुसऱ्या कुणाला कळत नसेल म्हणून हा माणूस माझा रविवार खाणार, ही कुठली तऱ्हा? पण सलीम भला माणूस. त्याने भंगारातून तसंच एक जुनं हॅण्डल शोधून काढलं, त्याच्यावरचा बाण धडधाकट होता. पुढच्या रविवारी ते बसवलं. खानविलकर एक चक्कर मारून आले ते लालबुंद होऊन.

"बाण दाखवतोय दोन, आणि गाडी आहे तिसऱ्यात! पहिला निदान मुका होता, हा खोटारडा आहे! मुका परवडला!"

गिअरच्या वायरी सैल पडल्या होत्या, म्हणून बाण मागे आणि गाडी पुढे. सलीमने नव्या वायरी घातल्या, आवळल्या, सोडल्या, पुन्हा आवळल्या. प्रत्येक वेळी मी मागच्या सीटवर. मी त्यांच्या खांद्यावरून मान वाकडी करून बाण वाचायचा आणि मोठ्याने सांगायचं. "दोन!" ते म्हणायचे, "खोटं!" आणि गाडी परत गॅरेजकडे. "तुम्हीच का नाही वाचत?" असं मी एकदा ओरडलो. "चालवताना माझं लक्ष रस्त्यावर असतं, राणे. तुमचं कशावर असतं?" म्हणजे वर मीच बावळट. अखेर बाण आणि गाडी एकमेकांशी खरं बोलू लागले, तेव्हा सलीमने मला चहा पाजला. खानविलकरांना नाही पाजला.

वाटलं, सुटलो. पण आता आकडे! वर्षानुवर्षं तळहात घासून मुठीवरचे आकडे पुसट झाले होते.

"रंगवून घ्या," मी म्हटलं.

"रंग महिन्यात जातो. कोरून पाहिजेत. आणि मराठीत."

"मराठीत कशाला? चार इंग्रजी आकडे कुणाला वाचता येत नाहीत?"

"घाबरल्यावर?" खानविलकर गरजले. "माणूस घाबरला की त्याला इंग्रजी सुचतं का, राणे? तुम्हाला विंचू चावला तर तुम्ही कुठल्या भाषेत ओरडाल?"

सलीमकडून मुठीचा तो नळकांड्यासारखा भाग सोडवून घेतला आणि आमची वरात निघाली ती थेट बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात. स्टीलच्या डब्यांवर विजेच्या पेनाने नावं घालून देणारा एक माणूस तिथे बसायचा. लग्नसराई होती. लोक हंडे-कळशा घेऊन रांगेत उभे, आणि मध्ये आम्ही दोघं, स्कूटरची मूठ घेऊन. एका बाईंनी कुतूहलाने विचारलंसुद्धा, "हे रुखवतात मांडायचंय का?"

पेनवाल्याने मूठ उलटसुलट करून पाहिली. "काय घालू? कोणाकडून कोणाला?"

मला तिथे थांबवेना. मी समोर उसाचा रस प्यायला गेलो. आतून पेनाचा खरखर आवाज बराच वेळ येत राहिला. पाच आकड्यांना इतका वेळ? मी दुसरा ग्लास मागवला.

या मराठी आकड्यांची बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. भाषेचा अभिमान बाळगणाऱ्या एका स्थानिक मंडळाचे चार कार्यकर्ते शाल-नारळ घेऊन दारात उभे राहिले. स्कूटरवरही मराठी आणणाऱ्या या लढवय्या गृहस्थाचा पाडव्याला जाहीर सत्कार करायचा म्हणे. खानविलकरांनी त्यांना जिन्यातूनच परत पाठवलं. "अभिमान-बिभिमान काही नाही! मला आकडा दिसायला पाहिजे, बस. आणि सत्कार करायचाच असेल, तर आधी तुमच्या मंडळाच्या ऑफिसातलं घड्याळ चालू करा. गणपतीपासून सव्वाचारावर अडकलंय!" कार्यकर्ते माझ्याकडे तक्रार घेऊन आले. साहजिकच आहे, मी सेक्रेटरी.

पाडव्याच्या थोडं आधी मी मुर्ध्याला गेलो होतो. तिथल्या एका शेतकऱ्याची विहीर होती, टँकरचं जमतंय का ते विचारायला. त्याच्या घरामागे सोडून दिलेलं मिठागर. जमीन कडक वाळलेली, सपाट, चिटपाखरू नाही. आणि त्या मोकळ्या जागेत पोपटी, म्हणजे एके काळची पोपटी, स्कूटर गोल गोल फिरत होती. चालवत होत्या मालतीवहिनी. खानविलकरांची बायको! सोसायटीच्या हळदीकुंकवालाही भिंतीला टेकून बसणाऱ्या, ज्यांचा आवाज मी धड ऐकला नव्हता त्या वहिनी, पदर कमरेला खोचून, ओठ घट्ट मिटून. आणि मागून टोपी सावरत धावतायत खानविलकर. "दोन! दोन टाक! बाणाकडे बघ! माणसाला कळायला नको?"

शेतकऱ्याची म्हातारी दारात सुपात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "रोज येतान दोगा. बायको गारी शिकते, नि दादला बोंबलतो. पन ती परली न्हाय हां एकदा पन."

खानविलकरांना मी दिसलो तो अगदी जवळ गेल्यावर. आधी ते माझ्या अंगावरच आले. "लर्निंग लायसन काढलंय! बेकायदा काही नाही! सोसायटीचा इथे काय संबंध?" मग एकदम खाली, त्या फुटलेल्या बांधावर बसले. वहिनी लांबच्या टोकाला गाडी वळवत होत्या.

"काचबिंदू आहे, राणे," ते म्हणाले. "डाव्या डोळ्याचं दुकान बंद झालंय. उजव्याचं शटर खाली येतंय. कारखान्यात काटे पुसट दिसायला लागले, म्हणून सोडली नोकरी. खोटा काटा माझ्या हातून पास झाला असता."

महिनाभर ज्या माणसावर मी मनातल्या मनात दातओठ खात होतो, तो माझ्याकडे न बघता स्कूटरच्या आवाजाच्या दिशेने बघत होता.

"ही लग्नापासून माझ्या मागे बसली. बाजार, दवाखाना, केळव्याला हिचं माहेर. मी नेईन तिकडे. आता मला दिसलं नाही म्हणून हिनेही घरात बसायचं? हा काय न्याय झाला? बरं, हिच्या हाताला गिअर कळत नाही. घाबरते. घाबरली की मूठ धरून नुसती बघत बसते. निदान जे बघते ते खरं तरी असायला नको? मी असा किती दिवस मागे पळून सांगणार आहे?"

वहिनींनी स्कूटर आमच्यासमोर आणून उभी केली आणि मला बघून पटकन खोचलेला पदर सोडला. मी पहिल्यांदाच ती मूठ नीट पाहिली. ठसठशीत १, ०, २, ३, ४. आणि त्यांच्या खाली, हंड्या-कळशीवर घालतात तसं, बारीक वळणदार अक्षरात: सौ. मालती प्रभाकर खानविलकर. माझे उसाच्या रसाचे दोन ग्लास संपेपर्यंत तो पेन का खरखरत होता, ते तेव्हा कळलं.

पाडव्याला वहिनींनी स्कूटर रस्त्यावर काढली. गल्लीतले सगळे गॅलऱ्यांमध्ये उभे. मागे खानविलकर, काळा चष्मा लावून, एका हाताने स्टेपनी आणि दुसऱ्या हाताने टोपी धरून, दिसेल त्याला दम देत. लोक हसले, थोडे दिवस हसत राहिले, मग सवय झाली. वहिनींना एक खोड लागली, किंवा त्यांनी ती मुद्दाम लावून घेतली. गिअर बदलला की त्या मोठ्याने आकडा म्हणायच्या. "दोन." "तीन." मागे खानविलकरांची मान समाधानाने हलायची. पुढे त्यांचा उजवा डोळाही गेला. वहिनींना आता बाणाकडे बघायची गरज उरली नव्हती, तरी आकडा म्हणायच्या थांबल्या नाहीत.

एकदा संध्याकाळी मी वाण्याच्या दुकानासमोर उभा होतो, तेव्हा त्यांची स्कूटर माझ्यापाशी थांबली.

"राणे ना?" खानविलकर म्हणाले. "याचं घड्याळ चालू आहे का हो?"

मी आत बघितलं. अकरा वाजून गेले होते म्हणे, ऐन संध्याकाळी.

"बंद आहे," मी म्हणालो.

ते उतरायला लागले. एक पाय खाली टेकला, जमीन चाचपली. "बसा हो. गटार आहे," वहिनी हळूच म्हणाल्या. आणि खानविलकर गपचूप परत बसले. भांडले नाहीत. एवढी वर्षं ज्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून फक्त नवस बोलायचा बाकी होता, त्यांचं ते गप्प बसणं मला सहन होईना. इतका संताप आला, की विचारू नका.

मी तसाच दुकानात घुसलो. "शेठ, ते घड्याळ उतरवा आधी! नाहीतर आत्ताच्या आत्ता सेल घाला! गिऱ्हाइकाशी खोटं का बोलताय? माणसाला कळायला नको, किती वाजले ते?"

वाण्याने साखरेची पुडी बांधता बांधता आ वासला. मग निमूट स्टुलावर चढला.

बाहेर खानविलकर मान तिरकी करून ऐकत होते. "चढला का?" त्यांनी विचारलं.

"चढला."

"मग ठीक आहे. चल, मालती."

"एक," वहिनी म्हणाल्या, आणि स्कूटर निघाली.