रफिकभाऊंची अडलेली लाइन

नवऱ्याशी भांडताना माझा शब्द अडला, की तो भिंतीपलीकडून हळूच येतो. "तुमच्या आईनं कधी इचारलं का मले?" मी तसाच म्हणून टाकते. मग नवरा अडतो, तर त्यालाही येतो. शेजारी रफिकभाऊ असले की भांडण अर्धवट राहत नाही.

रफिकभाऊ ब्रह्मपुरीतले शिंपी. पण धान निघालं की मशीनवर चादर टाकून तीस वर्षं नाटकांत प्रॉम्प्टर. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नट रोज नव्या गावी नवं नाटक करतो, पाठ करणार कधी? विंगेतून भाऊ लाइन फेकत, नट झेलत. "थांबला की मेला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दोन हंगामांमागं त्यांची बायको, जरीनाभाभी, वारल्या. भाऊ तेव्हा धानोऱ्याकडे नाटकावर होते. त्यानंतर ना त्यांनी नाटकाची वही उघडली, ना भाभींचं नाव काढलं. जगाला वाक्यं पुरवणं मात्र चालूच.

यंदा आमच्या शाळेत नाटकातून मन मोकळं करायचं शिबिर झालं. मी मास्तरीण, जाणं भाग होतं; भाऊंना मीच ओढत नेलं. शिबिर घेणाऱ्या नागपूरच्या ताईंनी रिकामी खुर्ची मांडली. ज्याच्याशी बोलायचं राहिलं तो इथं बसलाय असं समजा, म्हणाल्या. मी माझ्या वारलेल्या बापाला बसवलं आणि 'बाबा' म्हणून रडूच लागले. लगेच मागून आवाज, "बाबा, तुमी मले शिकवलं काऊन नाई?"

घ्या! बापानं सायकलवर डबलसीट नेऊन शिकवलं होतं मला. रडता रडता हसू फुटलं.

"भाऊ, ज्याचे शब्द त्याला सापडू द्या," ताई म्हणाल्या. "आपण फक्त थांबायचं. या कामात पहिलं शिकायचं ते हेच."

भाऊंना ते काही पटलं नाही.

मग त्यांची पाळी आली. खुर्चीसमोर ताठ उभे राहिले. ताई थांबल्या, आम्हीही थांबलो. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, लाइन द्या ना."

मला ती लाइन ठाऊक होती. भाभींनी शेवटचा फोन माझ्यासमोरच लावला होता. तिकडे अंक रंगात आलेला, भाऊंनी दोनच शब्द बोलून ठेवून दिला. ताईंचा नियम मी मोडला.

"नंतर बोलतो," मी हळूच म्हणाले.

"नंतर बोलतो म्हनलो होतो, जरीना." ते खुर्चीच्या पायाशी खाली बसले. "आता बोलून राह्यलो."

पुढचं त्यांना कोणी सांगायची गरज पडली नाही.