यशवंतरावांचा डावा पाय

"अहो, गिअर टाका की! मागचे सगळे हॉर्न बडवतायत!"

"टाकतोय ना! क्लचच खाली जात नाहीये, अर्ध्यात अडकलाय!"

महाराणा प्रताप नगरच्या सिग्नलवर, भर अकरा वाजता, यशवंतराव मुळ्यांची घरगाडी ठाण मांडून बसली होती. घरगाडी म्हणजे एकोणीस वर्षांची जुनी मिनीबस. निवृत्त झाल्यावर यशवंतरावांनी तिच्यात दोन पलंग, छोटा ओटा, शेगडी आणि वर देवांची फळी बसवून घेतली होती. देव आले म्हणजे ते घरच, तेव्हा गाडीत चपला घालून कुणी चढायचं नाही, हा त्यांच्या पत्नीचा, वासंतीबाईंचा, पहिल्या दिवसापासूनचा कायदा. नर्मदेच्या काठानं महेश्वरपर्यंत जायचं आणि घाटावर आपल्या हातचा चहा प्यायचा, एवढीच दोघांची हौस. पण गाडी भोपाळची वेस ओलांडेल तर शपथ!

यशवंतराव चरफडत खाली उतरले. गाडीखाली वाकून पाहिलं, पुन्हा चढले, क्लच दाबला. काय सांगू तुम्हाला, काही झालंच नव्हतं अशा थाटात तो अलगद खाली गेला, आणि गाडी निमूट निघाली.

एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं हो. पण हे आठवड्यातून तीनदा व्हायला लागलं. पहिल्या मेकॅनिकनं क्लचप्लेट बदलली. दुसऱ्यानं क्लचचा सिलिंडर बदलला, तेल बदललं. दोघांनीही स्वतः गाडी चालवून पाहिली, आणि दोघांच्याही पायाखाली क्लच शहाण्या मुलासारखा वागला. यशवंतराव बसले की मात्र कधी ठीक, कधी अडला!

"साब, गाड़ी में कुछ नहीं है," दुसरा मेकॅनिक शेवटी हात पुसत म्हणाला. "इस उमर में पैर का ज़ोर कम हो जाता है."

नेमकं हे वासंतीबाईंनी ऐकलं. घरी आल्या आल्या त्यांनी भाच्याला, हेमंतला, फोन लावला. त्याला चाटची फिरती गाडी काढायची होती आणि मिनीबसवर त्याचा केव्हापासून डोळा होता.

"रविवारी ये आणि घेऊन जा बाबा," त्या म्हणाल्या. फोन ठेवला आणि यशवंतरावांकडे वळल्या. "पायात जोर नसलेल्या माणसानं घाटरस्त्यात गाडी घालायची नाही. मला महेश्वर नको, तुम्ही हवे आहात."

"माझ्या पायाला काहीही झालेलं नाही!"

"मग दोष दाखवा. रविवारपर्यंत."

आता बोला! छत्तीस वर्षं सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात काढलेला माणूस, दुसऱ्यांच्या यंत्रातले दोष काढण्यात हयात गेली, आणि त्याच्याच डाव्या पायावर शेरा! यशवंतरावांनी वही काढली. रोज एकट्यानं गाडी बाहेर काढायची आणि क्लच कधी अडला ते लिहायचं. हवा किती तापली होती, रस्ता चढाचा की उताराचा, टाकीत पाणी किती, सगळं लिहिलं. पण कशाचा कशाला मेळ लागेना. चार दिवसांत बिचाऱ्यांची झोप उडाली. घरात चालतानासुद्धा ते डावा पाय जरा आपटूनच टाकू लागले.

शुक्रवारी ते भोपाळच्या पुल बोगदा भागात रईसमियाँ नावाच्या जुन्या मेकॅनिककडे गेले. सत्तरी उलटलेला माणूस, नाकावर जाड भिंगाचा चष्मा, बसायला पत्र्याचा डबा. वाटेत क्लच दोनदा अडला होता, त्यामुळे यशवंतराव घामाघूम झाले होते.

"को ख़ाँ, क्या तकलीफ़ है?"

यशवंतरावांनी वही उघडून पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. रईसमियाँ ऐकत होते. ना त्यांनी बॉनेट उघडलं, ना गाडीला हात लावला. मान खाली घालून ते नुसते यशवंतरावांच्या पायांकडे बघत होते. तिसऱ्या पानावर त्यांनी हात वर केला.

"बस, साब. मिल गया. बाईं चप्पल उतारो."

यशवंतरावांचा तोल सुटला. "आप भी? मेरा पैर एकदम ठीक है!"

"पैर किसने माँगा? चप्पल दो."

जाड तळाची कोल्हापुरी चप्पल रईसमियाँनी उन्हात धरली. टाचेमागे बाहेर डोकावणाऱ्या चामड्याच्या कडेला अर्धगोल खाच पडली होती. उजवीवर तसलं काही नव्हतं. ते उठले, चप्पल क्लचच्या पेडलखाली सरकवली आणि पेडल हातानं दाबलं. पेडलच्या मागची लोखंडी कड त्या खाचेत तंतोतंत बसली, आणि क्लच अर्ध्यात अडला!

यशवंतरावांनी आपल्या अनवाणी डाव्या पायाकडे पाहिलं. गाडीत बसलं की ते चपला काढून शेजारी ठेवायचे. ब्रेक लागला की चपला पुढे घसरायच्या, कधी इकडे तिकडे, तर कधी डावी नेमकी क्लचखाली. मग गाडी तपासायला उतरताना हे पायानंच चाचपून चप्पल ओढून घ्यायचे आणि घालायचे. म्हणजे पुरावा पायात घालून हा माणूस दोष शोधत फिरत होता! आणि तो दोष रईसमियाँनी डब्यावर बसल्या बसल्या काढला. छत्तीस वर्षांत असली तपासणी यशवंतरावांनी पाहिली नव्हती. त्यांनी चक्क हात जोडले.

"पर गाड़ी में चप्पल उतारते क्यों हो?"

"घर है ना. भगवान हैं अंदर."

रईसमियाँ पेडलपाशी एक पाय गाडीत ठेवून उभे होते. त्यांनी तो हळूच मागे घेतला. "माफ़ करना साब, मैं जूता पहने चढ़ गया," ते म्हणाले.

घरी परतताना यशवंतरावांच्या मनात आलं, एखादा दुर्मिळ पार्ट खराब होता असं ठोकून द्यावं. एवढा मोठा तपासनीस आणि चपलेनं फसला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पण खोटा अहवाल त्यांनी जन्मात दिला नव्हता. त्यांनी चप्पल वासंतीबाईंपुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं, मान खाली घालून.

आता हसतील, मग हसतील, म्हणून ते वाट बघत राहिले. वासंतीबाई त्या खाचेवरून बोट फिरवत होत्या.

"एकटे जात होतात, तेव्हासुद्धा काढत होतात?"

"हो."

"मी बघत नसताना?"

"त्यात काय बघायचंय? तू सांगितलं होतंस ना, घालायच्या नाहीत म्हणून."

वासंतीबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या, देवळात पहिल्यांदा आल्यासारख्या. मग डोळ्यांना पदर लावला आणि फोन उचलला.

"हेमंत, रविवारी येऊ नकोस रे. आम्ही महेश्वरला चाललोय."

"का मामी? दोष सापडला का?"

"दोष कुठला मेला! गुण सापडला. तोही लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर!"