रेडिओ पुढे, टीव्ही मागे

जावयाने न विचारता सासूच्या घरातल्या वस्तूंना हात लावू नये, एवढी साधी गोष्ट ओहायोत कुणी शिकवत नसावं. रविवारी ओर्लीनबाई चर्चला गेल्या आणि तेवढ्यात जावई क्रेगने छपरावर चढून त्यांच्या नवऱ्याने, हॉबर्टने बसवलेला अँटेना उतरवला. शिवाय अंगणात हात झटकत उभा राहिला, जसा काही साप मारून आला होता.

"आई, आता चित्र इंटरनेटवरून येणार," तो म्हणाला. "नवा टीव्ही माझ्याकडून भेट."

"जुन्याला काय धाड भरली होती?"

"त्यात एकेक खेळाडू दोन-दोन दिसायचा."

"मग काय बिघडलं? आपलेही दोन-दोनच दिसायचे."

लेक रोंडाने डोळ्यांनी खूण केली, म्हणून ओर्लीनबाई गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं म्हणजे भांडी जरा जोरात आपटणं.

शुक्रवारी मॅच होती. मार्च महिना, कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा, हरलं की गाशा गुंडाळून घरी. केंटकीत या दिवसांत लग्नं ठरवत नाहीत, आणि मेलेल्याला पुरायचं तरी आधी मॅचची वेळ बघतात. हॉबर्ट गेल्यानंतरचा हा पहिलाच मार्च. ओर्लीनबाईंची इच्छा एवढीच होती, की मॅच त्याच्या पद्धतीने व्हावी. टीव्हीचा आवाज बंद, आणि शेजारी रेडिओ सुरू.

त्या डोंगरात ही पद्धत घरोघरची. टीव्हीवर बोलणारे न्यूयॉर्कचे, त्यांना आपल्या पोरांचं कसलं कौतुक? रेडिओवरचा म्हातारा बर्ल आपला. पोरगा पडला तर बर्लच्या आवाजाला खरचटायचं. शिवाय ओर्लीनबाई खेळ शिकल्या त्याच रेडिओवर. लग्न झालं तेव्हा त्यांच्या दरीत टीव्ही पोचलाच नव्हता, आणि रेडिओसुद्धा घरात नुसता खरखरायचा. मग खाणीतून आलेला हॉबर्ट तोंड न धुताच त्यांना ट्रकमध्ये घालून टेकडीवर न्यायचा. एक गोधडी, खारी बिस्किटं, काचेवर वाफ. "आता बॉल कुणाकडे?" त्या विचारायच्या, आणि तो टपाला कोपर आपटेपर्यंत हातवारे करून दाखवायचा. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांनी खरं मैदान डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा ते त्यांना फारच लहान वाटलं.

शुक्रवारी शेजारचा वर्जिल निळा स्वेटर घालून आला. रोंडाने बनाना पुडिंगचं भांडं मधोमध ठेवलं. टीव्हीचा आवाज बंद झाला, रेडिओ लागला.

"गेला आत," बर्ल ओरडला. "तीन पॉइंट."

पडद्यावर त्या पोराला अजून बॉलच मिळायचा होता.

"कुणी टाकला?" वर्जिल म्हणाला. "मला का नाही दिसला?"

"इंटरनेटचं चित्र जरा मागून येतं," क्रेग जमिनीकडे बघत म्हणाला.

"जरा म्हणजे?"

तेवढ्यात बर्लने फाउल झाल्याचं सांगितलं. सगळे वाट बघत बसले. वर्जिलने पुडिंग वाढून घेतलं, खाल्लं, चमचा चाटला, तेव्हा कुठे पंचाने शिट्टी तोंडात घातली.

"हे जरा?" वर्जिल म्हणाला.

"टीव्हीचाच आवाज लावू या का?" क्रेगने विचारलं.

"त्या न्यूयॉर्कवाल्याला घरात घ्यायचं असेल, तर आधी मला बाहेर काढ," ओर्लीनबाई म्हणाल्या.

क्रेगने ठरवलं की दोघांना बरोबर आणायचं. रेडिओ थांबवता येईना, म्हणून त्याने रिमोट घेऊन टीव्ही थांबवला.

ओर्लीनबाई बघतच राहिल्या. "अरे शहाण्या, जो मागे पडलाय त्यालाच आणखी थांबवलंस? शर्यतीत म्हाताऱ्या घोड्याचेच पाय बांधलेस."

आता चित्र पुरतं मिनिटभर मागे गेलं, आणि ते पुढे आणायचं बटण काही क्रेगला सापडेना.

"ओर्लीन, असं नाही चालायचं," वर्जिल म्हणाला. "मी आधी रडतोय आणि मग मला कळतंय का ते."

शेवटी रोंडाने हॉबर्टची कानात घालायची वायर शोधून काढली. रेडिओ एकट्या आईच्या कानात, टीव्ही बाकीच्यांच्या डोळ्यांपुढे. सगळे खूश झाले, पण फार वेळ नाही.

"हा नाही जायचा," वर्जिल म्हणाला.

"तुला काय माहीत?" रोंडाने विचारलं.

"तुझ्या आईने ओठ आवळलेत."

बॉल खरंच बाहेर पडला. मग टीव्हीकडे कुणी बघेनाच. ओर्लीनबाईंची भुवई हलली की इकडे टाळ्या पडायच्या. रोंडाने उठून त्यांची खुर्ची भिंतीकडे वळवली.

"मी काय वर्गात दंगा केलाय?"

"आई, तुझं तोंड मिटलेलं असलं तरी बोलतं."

ओर्लीनबाई कुरकुरल्या, पण भिंतीकडे तोंड केल्यावर त्यांना फार बरं वाटलं. कानात बर्ल होता आणि मैदान पुन्हा टेकडीएवढं झालं होतं.

शेवटी आपली टीम एका पॉइंटने मागे, आणि शेवटचा बॉल आपल्या हातात. कानात बर्लचा आवाज चढला. बॉल रिंगच्या कडेवर फिरला, फिरला आणि बाहेर पडला.

ओर्लीनबाई खुर्चीसकट वळल्या. या अवलक्षणी टीव्हीबद्दल आठवडाभर साठवलेलं आता सगळं बाहेर काढायचं होतं. पण समोर क्रेग गुडघे टेकून बसला होता, टोपी दातात, मुठी पोटाशी. पडद्यावर आपण अजून हरलो नव्हतो. ओर्लीनबाईंनी उघडलेल्या तोंडात पुडिंगचा चमचा कोंबला.

"काय झालं, आई?" रोंडाने विचारलं.

"बॅटरी गेली."

क्रेगच्या खिशात फोन थरथरला. त्याने ओझरतं पाहिलं, फोन परत ठेवला आणि सासूकडे बघून आधीपेक्षा मोठ्याने म्हणाला, "आई, हा जाणार बघा."

"जाणारच," ओर्लीनबाई म्हणाल्या.

बॉल रिंगच्या कडेवर फिरला, फिरला आणि बाहेर पडला. वर्जिलने टोपी चढवली आणि घर गाठलं. रोंडा भांडं घेऊन आत गेली.

"बॅटरी गेली नव्हती ना?" क्रेगने हळूच विचारलं.

"तुझ्या फोनवर काय आलं होतं?"

"भाऊ स्टेडियममध्ये आहे. त्याने रडकं तोंड पाठवलं."

"मग नंतर गुडघ्यांवर कशाला बसून राहिलास?"

"मला वाटलं, बॅटरी गेली म्हणजे तुमची मॅच अजून चालू आहे."

ओर्लीनबाईंनी कानातली वायर काढून बोटाभोवती नीट गुंडाळली.

"क्रेग," त्या म्हणाल्या, "तुला टीव्ही लावता येत नाही, आणि तुला छपरावर तर चढूच देऊ नये. पण हरलेली मॅच तू माझ्यासाठी मिनिटभर चालू ठेवलीस. हॉबर्टला हे इतक्या वर्षांत एकदाही जमलं नाही."