काकांची बंद गाडी मी चालू केली

सोनवणे काकांची मोटारसायकल मी दुरुस्त करून दिली. ही माझी चूक. ऐकणारा प्रत्येक जण म्हणतो, यात चूक कसली? म्हणून आधी काका कोण ते सांगायला हवं.

कात्रजच्या आमच्या सोसायटीत सकाळी ऑफिसला निघालेल्या माणसाला पार्किंगमध्ये एक अंगठा आडवा यायचा. ग्रीसने काळा झालेला, ताठ. अंगठ्यामागे काका.

"अहो शिंदे, पँटची इस्त्री मोडणार नाही. जरा किक मारा."

त्यांची जुनी शंभर सीसीची गाडी खांबाजवळ उभी असायची. स्पार्क प्लग काढून काका त्या भोकावर अंगठा दाबून बसायचे. किक आपण मारायची. आत दाबली गेलेली हवा फस्सकन त्यांचा अंगठा उडवायची आणि काकांचा चेहरा फुलायचा.

"कॉम्प्रेशन आहे! इंजिनाचा श्वास शाबूत. सबब, दोष कार्बोरेटरमध्ये."

"मग कार्बोरेटर साफ करा की, काका."

"प्रकरण तूर्त प्रलंबित ठेवू."

काका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. कचेरी सुटली, भाषा सुटली नाही. पेट्रोल म्हणजे आवक, धूर म्हणजे जावक. कुणाच्या गाडीचा प्लग काळाकुट्ट निघाला की म्हणायचे, "आवक बेहिशेबी आहे." दुसऱ्याची गाडी बंद पडलेली दिसली तर त्यांच्या अंगात उत्साह संचारायचा. एकदा जोशीबाईंची स्कूटर सुरू होईना. काका हजर.

"धूर निळा येतो की काळा?"

"काका, मला उशीर होतोय हो!"

"काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. निळा असेल तर रिंगा झिजल्यात, ऑइल जळतंय. उशीर दोन्हीत होणार."

जोशीबाई रिक्षाने गेल्या.

माणसंही त्यांनी अशीच तपासून ठेवली होती. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे "कार्बोरेटरचा आजार. हवा जास्त, पेट्रोल कमी. नुसती फटफट." वरच्या मजल्यावरचे वकील, "रिंगा गेल्या. धूर भरपूर, ओढ नाही." माझ्याबद्दल एकदा म्हणाले, "तुमचं कॉम्प्रेशन उत्तम आहे, शिंदे. स्पार्क उशिरा पडतो." तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो.

पण रोज सकाळी हसू येत नाही. ऑफिसात हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवायची वेळ गाठायची असते. मी जिन्यातून वाकून पार्किंगचा अंदाज घ्यायला लागलो. एकदा तर घरूनच हेल्मेट घालून लिफ्टमधून उतरलो आणि मान खाली घालून निघालो.

"शिंदे, बूट ओळखीचे आहेत," खांबामागून आवाज आला.

मग काका बहिणीकडे नाशिकला गेले, आणि मला ती कल्पना सुचली. गाडीच चालू करून टाकली तर किक मारायचा प्रश्नच मिटला. किल्ली गाडीलाच लटकत असायची. बंद गाडी कोण नेणार? मी मार्केट यार्डाजवळचा एक ओळखीचा मेकॅनिक बोलावला. त्याने कार्बोरेटर उघडला, आतला पेट्रोल सोडणारा पितळेचा चिमुकला जेट काढला आणि उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिला.

"साहेब, हा कचऱ्याने नाही तुंबलेला. भोकात कुणीतरी तार बसवलीय. बरोब्बर मापाची. हे मुद्दाम केलेलं काम आहे."

"काढून टाक," मी म्हणालो.

त्याने तार फरशीवर टाकली, जेट बसवला, आणि गाडी लगेच सुरू झाली. मी व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांची रांग लागली. सेक्रेटरींनी लिहिलं, 'असे शेजारी हवेत.' मी तो मेसेज बायकोला दाखवला.

काका परतले तेव्हा मी त्यांना हाताला धरून गाडीपाशी नेलं आणि किक मारली. इंजिन शांत, एका लयीत चालू लागलं. काका आधी गाडीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"निकाली काढलंत," ते म्हणाले.

मला ते कौतुक वाटलं.

पुढच्याच आठवड्यात त्या जागी पांढरं कव्हर घातलेली एक कार उभी होती. काकांचा मुलगा महेश लिफ्टपाशी भेटला. त्याने माझा हात हातात घेतला. "शिंदे साहेब, खरंच थँक्यू. किती वर्षं बाबांच्या मागे लागलो होतो, विकून टाका म्हणून. ते एकच म्हणायचे, बंद गाडी कोण घेणार? ऑनलाइन टाकली आणि वाघोलीचं गिऱ्हाईक आलं. चालवतच घेऊन गेलं!"

महेश वाईट मुलगा नाही. त्याला पार्किंगची जागा हवी होती. मला माझी सकाळ हवी होती. आम्हा दोघांनाही जे हवं ते मिळालं.

काका खाली यायचे बंद झाले. मी वेळेवर ऑफिसला पोचू लागलो. सोसायटीत कुणी त्यांची चौकशी केली नाही, मीही नाही. मग एके दिवशी ते दवाखान्यात निघाले असताना लिफ्टमध्ये समोरासमोर आलो. माझं लक्ष त्यांच्या अंगठ्याकडे गेलं. स्वच्छ होता, गोरा, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

"खाली दिसत नाही हल्ली, काका?"

"खाली माझं काय काम?"

मला राहवलं नाही. "काका, त्या जेटमध्ये तार होती."

"मीच घातली होती. गाडी बंद होती तोवर महेशला ती विकता येत नव्हती. आणि गाडी बंद आहे म्हणून मला रोज खाली उतरता येत होतं." त्यांनी लिफ्टच्या दाराकडे बघत पुढे सांगितलं, "घरात माझं कुणाला काही लागत नाही, शिंदे. वाईट वागवत नाहीत हो, पण लागत नाही. खाली निदान तुम्ही लोक मला टाळत तरी होता."

"मला काय माहीत, काका? मी चांगल्या हेतूनेच..."

"हेतू चांगलाच होता. तळमजला आला, उतरा."

मी उतरलो. माफी मागायची ती जागा होती, आणि मी तिथे स्वतःच्या हेतूची वकिली करून आलो. स्पार्क उशिरा पडतो, हे माझ्याबद्दलचं काकांचं निदान बरोबर होतं.

गेल्या रविवारी त्यांच्या दाराची बेल वाजवली. काकांनीच दार उघडलं. आत टीव्ही चालू होता आणि त्यांची खुर्ची टीव्हीकडे पाठ करून खिडकीशी ठेवलेली होती. तिथून पार्किंगचा थोडा भाग दिसतो. त्यांनी मला आत बोलावलं नाही. मी उंबऱ्याबाहेरूनच बोललो.

"काका, माझं चुकलं. मेकॅनिकने मला तार दाखवली होती. मुद्दाम घातलीय, असंही तो म्हणाला होता. ती कुणी घातली आणि कशासाठी, हे मी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण मला तुमची गाडी चालू करायचीच नव्हती. मला सकाळी तुम्ही नको होतात. मला माफ करा."