पाणवठ्यावरच्या धोंड्याला पाचपैकी दोन चांदण्या

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना वाचता येत होतं. हसू नका, खरंच येत होतं. आणि वाचता येण्यापेक्षाही एक गोष्ट सगळ्यांना जास्त चांगली येत होती. मत देता येत होतं.

त्या जंगलात मोठा पाणवठा होता. पाणवठ्याच्या काठी वडाच्या ढोलीत ग्रंथालय होतं आणि ढोलीच्या तोंडाशी घोरपडनाना बसलेले असत. हे ग्रंथपाल. नियमाला एकदा चिकटले की ओढून निघायचे नाहीत. त्यांचा मुख्य नियम असा, की पुस्तक परत करताना अभिप्राय वहीत मत लिहायचं आणि पाचपैकी चांदण्या काढायच्या. पुस्तक वाचलंच पाहिजे असा नियम मात्र नव्हता. तो करायचा राहूनच गेला होता.

याच जंगलात बायजाताई साळिंदर राहायच्या. बाईंना आकाशाचं वेड! टेकडीवर बसून पोकळ बांबूतून वर बघत राहायच्या. कुठला ग्रह कुठे सरकला, कुठला धूमकेतू केव्हा येऊन गेला, सगळं टिपून ठेवायच्या. लिहायला पाठीवरचाच एक काटा उपसायच्या. लेखणीचा खर्च नाही, पण दर प्रकरणाला एकदा कळ यायची.

तीन वर्षं खपून त्यांनी पुस्तक लिहिलं, ‘आभाळातले धोंडे आणि आपण’. त्यात ग्रह होते, शनीची कडी होती, पूर्वी कुठे कुठे धोंडे आदळले त्याचा इतिहास होता. आणि सत्त्याण्णवाव्या पानावर बाईंनी अगदी साध्या भाषेत लिहिलं होतं, की हत्तीएवढा एक धोंडा आपल्याकडे निघालाय, येत्या वैशाखी पौर्णिमेला भरदुपारी तो आपल्याच पाणवठ्यावर पडेल, तरी सर्वांनी आधीच टेकडीपलीकडे जावं.

हे वाचल्यावर जंगलात पळापळ होईल असं बायजाताईंना वाटलं होतं. भोळी हो बाई!

महिन्याभराने त्या ग्रंथालयात गेल्या. नानांनी वही पुढे सरकवली.

लांडोरबाईंनी लिहिलं होतं, ‘मुखपृष्ठ फार गोड. घरट्यात शोभून दिसतं. वाचायला घेणार आहे. पाच चांदण्या.’

रानडुकराचा अभिप्राय होता, ‘पानं जाड आहेत. चवीला बरी. चार.’

आणि कोल्हेगुरुजींनी अख्खं पान भरलं होतं. गुरुजी म्हणजे जंगलातले जाणकार. त्यांचं मत आल्याशिवाय बाकीच्यांना आपलं मत सुचायचं नाही. त्यांनी लिहिलं होतं, ‘गुरू ग्रहावरचं प्रकरण बरं. शनीची कडी उगाच लांबवली आहेत. शेवटी धोंडा नेमका आपल्याच पाणवठ्यावर पडतो, हा योगायोग पटत नाही. एवढं विश्व मोकळं पडलेलं असताना लेखिकेला दुसरी जागा मिळू नये? दोन चांदण्या.’

खाली चाळीस जणांनी लिहिलं होतं, ‘गुरुजींशी सहमत.’

जन्मभर चांदण्या मोजलेल्या बाईच्या वाट्याला दोन आल्या. डोळे भरून आले त्यांचे. पण रडायला वेळ कुठे होता? पौर्णिमा सव्वा महिन्यावर आली होती.

“नाना, अहो, पुस्तक पूर्ण कुणी वाचलं की नाही?”

“एकीने वाचलं असावं,” नाना नाराजीने म्हणाले. “पिसोरीवहिनींनी. मत न लिहिताच पुस्तक परत केलं. मी त्यांचं नाव फळ्यावर टाकलंय, दोषी सभासद म्हणून.”

पिसोरीवहिनी म्हणजे सशाएवढी हरिणी. बायजाताई धावत तिच्याकडे गेल्या. ती पोरांना पुढे घालून निघालीच होती.

“वहिनी, कसं वाटलं हो पुस्तक?”

“मत-बित काही नाही हो ताई. आधी डोंगर चढू दे,” म्हणत ती गेलीसुद्धा.

बाळांनो, बायजाताईंना तेवढ्या एका वाक्याने केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! पण एक वहिनी गेली, बाकीचं जंगल पाणवठ्यावरच होतं ना. मग बाई स्वतःच काठावर उभ्या राहिल्या आणि घसा फाटेस्तोवर ओरडल्या, “अहो, ऐका! वैशाखी पौर्णिमेला इथे धोंडा...”

“थांबा, थांबा!” लांडोरबाईंनी कानांवर पंख दाबले. “शेवट नका ना सांगू! माझं वाचायचंय अजून.”

“शेवट सांगणारी लेखिका पहिल्यांदाच पाहिली,” कोल्हेगुरुजी म्हणाले.

बाईंनी हात टेकले नाहीत. दुसरी आवृत्ती काढली आणि सत्त्याण्णवावं पान उचलून पहिलं केलं. आठ दिवसांत मत आलं, ‘पहिल्या आवृत्तीत जी गोडी होती ती या आवृत्तीत नाही.’ खाली चाळीस सह्या.

आता पौर्णिमा बारा दिवसांवर आली. बांबूतून धोंडा चिंचोक्याएवढा दिसायला लागला. आणि जंगल काय करत होतं? भांडत होतं! अभिप्राय वहीची पानं संपत आली होती आणि आपलं मत राहून जाईल म्हणून ढोलीपाशी ही झुंबड. रानडुक्कर रांगेत मध्येच घुसला. एरवी जागचं न हलणारं कासव दोन दिवस चालून आलं होतं, ‘मलाही बोलायचंय’ म्हणत. बायजाताई ते बघत उभ्या राहिल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या. मग घरी गेल्या, काटा उपसला आणि एक जाहिरात लिहून वडाला लावली.

‘वैशाखी पौर्णिमेस, टेकडीपलीकडच्या माळावर, “आभाळातले धोंडे हे पुस्तक कुठे फसलं?” या विषयावर जाहीर परिसंवाद. प्रत्येकास बोलायला मिळेल. वेळेचं बंधन नाही. लेखिका उत्तर देणार नाही.’

मग काय विचारता! जे धोंड्याला घाबरून पाऊलभर हलले नाहीत, ते पौर्णिमेला उजाडायच्या आत टेकडी चढले. आपला नंबर आधी लागावा म्हणून. कासव आठवडाभर आधी निघालं होतं. म्हातारी सांबरीण नातवंडांचा आधार घेत आली. पंगू, आजारी, लेकुरवाळे, झाडून सगळे आले. लांडोरबाई पुस्तक घेऊन आल्या, अजून न उघडलेलं. कोल्हेगुरुजींनी व्याख्यानाची टिपणं आणली, पानं बावीस.

बायजाताई माणशी एक खडा टाकत मोजत होत्या. माणशी म्हणजे जनावरामागे, समजून घ्या. एक खडा उरला.

घोरपडनाना!

ऊन डोक्यावर चढत होतं. बाई टेकडी उतरून धापा टाकत वडापाशी आल्या.

“नाना, चला! उठा!”

“पौर्णिमेला ग्रंथालयाला सुट्टी नाही.”

“अहो, धोंडा पडतोय!”

“पडू दे. सुट्टीच्या यादीत धोंडा नाही.” नाना ढोलीला नखं रोवून बसले. बाईंनी शेपटी धरून ओढलं. पण घोरपड ती, हलते कुठली?

वर आभाळात एक रेघ उमटली. बायजाताईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, झडप घालून अभिप्राय वही उचलली आणि पळत सुटल्या.

“वही!” नाना किंचाळले. “अहो, वही बाहेर न्यायला मनाई आहे! लेखी अर्ज! अर्ज कुठाय?” आणि सुटले मागे. आयुष्यात पहिल्यांदा नानांनी ढोली सोडली. पुढे साळिंदर, मागे घोरपड, अशी वरात टेकडी चढून पलीकडे पोचली. गुरुजींचं चौथं पान चालू होतं. ते म्हणत होते, “तात्पर्य, हा धोंडा केवळ लेखिकेच्या कल्पनेत...”

धाड!

जमीन उसळली. टेकडीमागून धुळीचा डोंगर उठला. बऱ्याच वेळाने धूळ बसली तेव्हा पाणवठा नव्हता. वडही नव्हता. तिथे एक प्रचंड खड्डा होता आणि त्यातून वाफ येत होती.

बायजाताईंनी पुन्हा खडे मोजले. एकही उरला नाही. बाई मटकन खाली बसल्या आणि ढसाढसा रडल्या. आनंदाने हो! तिथल्या प्रत्येकाचा त्यांना मनापासून राग होता, आणि तिथला प्रत्येकजण जिवंत होता.

कुणालाच काही मत नव्हतं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग कोल्हेगुरुजी खाकरले. “पुस्तकात भरदुपारी म्हटलंय. हा पडला थोडा उशिरा.”

“आवाजही फार,” लांडोरबाई म्हणाल्या. “पुस्तकात एवढा असेल असं वाटलं नव्हतं.”

“शेवट अपेक्षितच होता,” रानडुक्कर म्हणाला.

“आणि आता धोंडा पडूनच गेला,” गुरुजींनी समारोप केला, “तेव्हा विषय शिळा झाला. एक चांदणी कमी करावी लागेल.” चाळीस माना हलल्या. रांग लागली. नानांनी धुळीने माखलेली वही झटकली आणि मांडीवर उघडली.

सगळ्यांचं लिहून झाल्यावर नाना बायजाताईंकडे वळले. “तुम्ही आजवर एकदाही मत दिलेलं नाही. नियम सर्वांना सारखा.”

बायजाताईंनी डोळे पुसले. पाठीवरून एक काटा उपसला. शेवटच्या पानावर जेमतेम एका ओळीची जागा होती. तिथे त्यांनी लिहिलं, ‘वाचक सगळे हजर होते. पाचपैकी पाच.’

तात्पर्य: बाळांनो, जगाचा जीव वाचवायचा असेल तर त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकायला बोलावू नका. आपल्या चुका काढायला बोलवा. सहकुटुंब येतात, आणि वेळेच्या आधी येतात.