साळिंदरभाऊंनी फाडलेलं हरितगृह

बाळांनो, जरा सरकून बसा. एका जंगलात दर उन्हाळ्यात रान करपायचं आणि उरल्यासुरल्या पाल्यावरून भांडणं व्हायची. शेवटी सगळ्यांनी मिळून प्लॅस्टिकचं एक हरितगृह बांधलं. शेणखत ज्याचं त्याने आणायचं, पाणी साठवलेल्या पावसाचं आणि पीक सगळ्यांचं. गवा अध्यक्ष झाला, कारण तो दारात उभा राहिला की दुसऱ्या कुणाला पुढे जाता येत नसे.

साळिंदरभाऊंना काकडी फार आवडे. खत घेऊन सगळ्यांत आधी तेच हजर झाले. पण गव्याने त्यांना दारातच अडवलं.

"भाऊ, तुमचे काटे आणि आमचं प्लॅस्टिक. तुम्ही आपली बाहेरूनच आपुलकी ठेवा."

भाऊ बाहेरून आपुलकी ठेवू लागले. रोज प्लॅस्टिकला नाक लावून आत बघत. वेल चढले. पिवळी फुलं आली. फुलं गळाली. काकडी मात्र एकही धरेना. समितीने बैठका घेतल्या. सशाने वेलांना समजावून सांगितलं. माकडाने दम दिला.

एका दुपारी भाऊ असेच बघत असताना मागे गवा शिंकला. भाऊ दचकले. काटे ताठ झाले आणि प्लॅस्टिक टर्रकन फाटलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

भाऊ पळाले ते थेट बिळात. आपल्यामुळे आता सगळं जंगल उपाशी राहणार, या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

काही दिवसांनी गव्याचं बोलावणं आलं. भाऊ मान खाली घालून गेले. बघतात तर फटीतून मधमाशा ये-जा करत होत्या आणि वेलावेलाला काकड्या लोंबत होत्या. इतके दिवस बिचाऱ्या माशांना आत यायला वाटच नव्हती.

गवा पाहुण्यांना सांगत होता, "ही आमची वायुवीजन योजना. फार विचार करून फाडलंय."

भाऊंनी हळूच विचारलं, "फाटलंच आहे, तर आता मी आत येऊ का?"

"आता तर मुळीच नाही," गवा म्हणाला. "ही फट नियोजित आहे. तुमच्यामुळे एखादी अनियोजित पडली तर?"

पण गवा काही अगदीच कृतघ्न नव्हता. त्याने भाऊंना बाहेर एक टोपली पाठवली. टोपलीत काकड्यांची देठाकडची कडू टोकं होती. भाऊंनी ती सावकाश चावून खाल्ली आणि फार गोड आहेत, असा निरोप धाडला.

तात्पर्य: बाळांनो, चूक करायला कधीही भिऊ नये. फक्त ती करण्याआधी अध्यक्ष व्हावं.